मशीनशी बोलणारी बाई

दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. गाल सुजून भोपळा झालेला, त्यामुळे ऐकण्यापलीकडे काही जमत नव्हतं. मागच्या बाकावर दोघी मैत्रिणी होत्या.

“तुझ्या दादाची नवी गोष्ट वाचली गं. ती बाई वॉशिंग मशीनशी गप्पा मारते, ती! असलं डोक्यात येतं कुठून त्याच्या?”

“माझ्या घरातून.”

“म्हणजे?”

“मशीनशी मीच बोलते. ते निदान मधूनमधून घरघरतं तरी! दादा राहायला आला होता, त्याने दाराआडून ऐकलं आणि दिलं छापून.”

“अगं बाई! आणि तुझ्या ह्यांनी वाचली?”

“दोनदा. डोळे पुसत म्हणाले, ‘कसला दगड आहे हा नवरा! बायको एवढी जीव तोडून बोलतेय आणि ह्याचं लक्षच नाही!’”

“स्वतःला ओळखलं नाही?”

“छे! वर मलाच विचारतात, ‘तुझ्या दादाला सुचतं तरी कुठून?’”

“मग सांगायचंस ना तोंडावर, की ती बाई मीच म्हणून.”

“सांगितलं की.”

“काय म्हणाले?”

“‘हं’ म्हणाले, आणि गोष्ट तिसऱ्यांदा वाचायला घेतली.”