एकशे तेरा गोलांचा उंदीरखाऊ

किटवे शहराच्या मैदानावर न्गोनी फुटबॉलपटू लाझारस जेरेच्या अंत्यदर्शनाची रांग लागली होती. रांगेतल्या मुतिंताच्या पुढचे दोघे, एक न्गोनी आणि एक म्हातारा बेंबा, भांडत होते. बेंबा आणि न्गोनी या जमातींचं एकमेकांना शिव्या देण्याचं थट्टेचं नातं मयतातही सुटत नाही, म्हणून त्यांना कुणी गप्प केलं नाही.

“एकशे तेरा गोल! देशात आहेत कुणाचे एवढे?”

“त्यातले निम्मे ढुंगणाला लागून गेले. तुम्ही न्गोनी उंदीरखाऊ, बीळ दिसलं की घुसणारच.”

“आणि तुम्ही बेंबा माकडं खाणारे! फांदीवर बसून बघत होता ना?”

“बघत? डावीकडून चेंडू कोण देत होतं त्याला? बारा वर्षं धावलो मी, नाव झालं त्याचं.”

“म्हणजे... जेरेच्या डावीकडून खेळणारे कपाम्ब्वे तुम्हीच?”

“चला पुढे. रांग खोळंबलीय.”

शवपेटीपाशी म्हातारा कपाम्ब्वे वाकला.

“ऊठ, उंदीरखाऊ! चेंडू दिलाय मी. नुसता पडून काय राहिलास?”

शेजारी बसलेल्या जेरेच्या बायकोनं मान वर केली.

“आलात, भावजी? दोन दिवस सगळे नुसतं कौतुकच करताहेत. तुमच्या शिवीला उलट शिवी आली नाही, तेव्हा कुठे हे गेलेत असं वाटलं.”