पाठवणीला न आलेलं पाणी

हसू नका, पण पोरीच्या पाठवणीला माझ्या डोळ्यांत टिपूसबी आलं न्हाई. अन् धाकट्या जावेच्या, सुनंदाच्या, गालांवर धारा! बाया म्हणाल्या, "आईपेक्षा चुलतीलाच लय माया." माझा नुसता जळफळाट झाला.

पुढं डोळे चुरचुरायले म्हणून परभणीला डॉक्टरकडं गेले. सुनंदाचेबी चुरचुरायले, म्हणून तीबी आली. तपासून डॉक्टर म्हणाले, "दोघींचेही डोळे कोरडे आहेत. कोरडे डोळे चुरचुरले की काहींना उलट जास्तच पाणी येतं."

मला कोण आनंद! बाहेर येताच विचारलं, "म्हंजी त्या दिवशी तू रडायलीच न्हवतीस?"

"मांडवात न्हाई, आक्का. आई तुमी, तुमच्याआधी मी कशी रडू? आदल्या दिवशीच न्हाणीत रडून घेतलं."

डॉक्टरच्या थेंबांनी डोळ्यांची आग थांबली. पोटातली न्हाई.