काकूंचे डोळे वाळेनात

चहा गार झाला तर होऊ दे, पण हे ऐका. परदेशात चित्रकला शिकून मी नुकतीच दिल्लीतल्या द्वारकेला परतले होते. भिंतीवर छापलेला फोटो नको, हातानं रंगवलेलं माणूस हवं, असं सोसायटीभर सांगत फिरायचे. शेजारच्या देशपांडेकाकांनी ते मनावर घेतलं. "तुझ्या काकूचं वर्षश्राद्ध येतंय. काढ तिला. पण हसरी हं!"

जलरंगात गाल ओल्या कागदावरच रंगवावे लागतात, आणि इथल्या उन्हाळ्यात लूच्या गरम वाऱ्यानं कागद बघता बघता वाळतो. मी सारखं पाणी फिरवत होते. केस वाळले, ओठ वाळले. डोळ्यांखालची जागा मात्र ओलीच. टिपकागद लावला, शेवटी हेअर ड्रायर धरला. तरी रंग ओघळून गालावर आला.

तेवढ्यात काका आले. मी म्हटलं, "सॉरी काका, मी हसरीच काढली होती. उद्या नवीन काढते."

त्यांनी चित्राला बोट लावलं. ओलं झालेलं बोट बघत ते खुर्चीत बसले.

"राहू दे बेटा, नवीनही रडेलच. तिच्या लाडक्या घराचा सौदा आज सकाळीच पक्का केला मी. अजून मुलांनासुद्धा सांगितलेलं नाही."