पातोडी अन् पोरीचा फोन

माह्यासारखी येडी भिलाईत दुसरी नसन. पोरगी नोकरीले पुण्याला गेली, तं घर खायले उठे. मंग तिचा फोन कधी येते, त्या दिवशी भाजी कोणती, लाइट गेली का, यांची ड्यूटी कोणती, सगळं मी कम्प्युटरात टाकू लागली. ऑफिसात शिकलेला प्रोग्राम लावला अन् फोनसंग एकेका भाजीची, एकेका गोष्टीची जोडी जुळते का ते तपासलं. वीस जोड्यांतून एकच पक्की निघाली, बेसनाच्या पातोडीची: ज्या दिवशी पातोडीची भाजी, त्या दिवशी फोन!

मंग काय, आठ दिवस रोज पातोडी. हे म्हणे, "कावून छळून राहिली?"

फोन काही आला नाही. शेवटी मीच लावला, सगळं सांगितलं.

पोरगी म्हणे, "मम्मी, वीस जोड्या तपासशील तं एखादी ऐसेही जुळते. अन् फोन तिकडूनबी लागते."