कॅप्सूल उपासाला चालते का?

नाही, पण मला एक सांगा, गोळी गिळायला माणसाला लागतं काय? तोंड लागतं, घोटभर पाणी लागतं, संपलं. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे आधी गोळीची चौकशी होते... घराणं कुठलं, वरचं कापड कशाचं, माहेरचं खाणंपिणं काय... बघायला आलेल्या मुलीसारखी ती कॅप्सूल बशीत बसलेली, आणि समोर आमची इंदू, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून. तुम्हाला सांगतो, मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, पण गोळीला कूळ विचारायचं मला कधी सुचलं नाही. बाईला मानलं पाहिजे.

झालं काय, आमच्या सावेडीच्या फ्लॅटच्या दारात इंदू रोज सकाळी रांगोळी काढते. बोटभर जागा, पण रेघ अशी की पट्टी लावून बघा. तर एके दिवशी दार उघडतो तो रेघ वाकडी. मी आपला गंमत करायला गेलो, म्हटलं, काय इंदूबाई, आज भूकंप झाला वाटतं? तर ही म्हणते, "अहो, चिमटीतली रांगोळी सुटलेली मला कळतच नाहीये." बोटं बधिर, पायाला मुंग्या. तसाच तिला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टर अश्विनी माझीच विद्यार्थिनी. रक्त तपासलं आणि म्हणाली, "सर, काकूंचं बी-ट्वेल्व्ह तळाला गेलंय. रोज एक कॅप्सूल, एकही दिवस चुकवायचा नाही. उशीर केला तर नसा पूर्वीसारख्या होतीलच असं नाही." इंजेक्शनं आहेत की, म्हणाल तुम्ही. आहेत ना! पण सुई नुसती दिसली तरी इंदूला घेरी येते, रक्त देतानाच आडवी झाली होती, आणि साध्या गोळ्यांनी पोटात ढवळतं. तेव्हा कॅप्सूलच.

गेलो सहादेवच्या मेडिकलमध्ये. त्यानं डबी काढली, मी पैसे काढले, आणि इंदूनं चष्मा काढला. बिस्किटाचा पुडासुद्धा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय घरात न आणणारी बाई ती! डबी फिरवली, उलटी केली, उजेडात धरली. ठिपका हिरवा नव्हता.

"सहादेव, हे काय रे?"

"काकू, आतलं औषध एकदम शाकाहारी हाय. नुसतं टोपण तेवढं..."

"टोपण तेवढं काय?"

"जिलेटिनचं हाय. म्हंजी जनावराची हाडं न् कातडं असतंय ना, त्याचं. पन पोटात गेलं की इरघळतंय. डोळं झाकून गिळा की, पोटाला काय कळतंय व्हय?"

आणि इंदू शांतपणे म्हणते, "पोटाला नाही कळत रे. पण मला कळलंय ना."

डबी परत. मी आपला शहाणा, वाटेत रिक्षात सुचवलं, टोपण उघडू, आतली पूड मधातून घे, टोपण टाकून दे. तर म्हणाली, "म्हणजे फोडी बाजूला काढून नुसता रस्सा वाढा, तसलंच ना हे?" रिक्षावाला इतका हसला की त्याला गिअर सापडेना.

पण घरी आल्यावर मला हसू येईना. तिकडे रांगोळीची रेघ रोज आणखी वाकडी होत होती आणि इकडे या बाईचं चौकशी सत्र चालू. घाबरलो होतो मी, सरळ सांगतो. ओरडलोच तिच्यावर. म्हटलं, उद्या हाताला भाजलेलंसुद्धा कळायचं नाही, तेव्हा काय करशील? तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "औषधच जनावराचं असतं, दुसरा इलाजच नसता, तर हात जोडून घेतलं असतं मी. पण हे तर नुसतं वेष्टन. माझ्या गोळीला झबलं शिवायला कुणाचं कातडं कशाला?" विज्ञानाच्या कुठल्या धड्यात आहे याचं उत्तर? बाईला मानलं पाहिजे.

मग सहादेवनंच एका कंपनीचा फोन नंबर दिला. म्हणाला, यांच्याकडं वनस्पतीची कॅप्सूल हाय. इंदूनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे मनवा नावाची मुलगी, आवाज साखरेत घोळलेला. "नमस्कार मॅम, आमची कॅप्सूल शंभर टक्के प्लांट बेस्ड आहे."

"हो गं बाळ, पण कुठला प्लांट? वांगंसुद्धा प्लांटच आहे, आणि चातुर्मासात मी वांगं खात नाही."

मनवानं फोन होल्डवर टाकला. मग बासरी. बराच वेळ बासरी... मग मनवा परत. "मॅम, वांगं नाहीये. लाकडाच्या लगद्यापासून बनवतात."

"लाकूड?" इंदू माझ्याकडे बघते, जसं काही मीच वखार घातलीय. "बरं, आडदिवशी चालेल. पण डॉक्टर म्हणतात एकही दिवस चुकवायचा नाही. लाकूड उपासाला चालतं का?"

तुम्हाला सांगतो, त्या कंपनीत गोळी किती वेळात विरघळते, उन्हात ठेवली तर काय होतं, सगळ्याची उत्तरं तयार असतील. हा प्रश्न मात्र त्यांच्या यादीत नव्हता. पुन्हा बासरी. मग मनवाचे साहेब आले, तेही बासरीत गेले... मी कपाळाला हात लावून बसलो, आणि इंदू आपली शेंगा सोलतेय निवांत.

शेवटी मनवा आली, धावत आल्यासारखी. "काकू!" बघा, मॅमची काकू झाली! "काकू, आमच्याकडे अजून एक प्रकार आहे, टॅपिओकाचा. म्हणजे साबुदाणा ज्या कंदाचा करतात ना, त्याच्यापासून."

इंदूच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ना... आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा एवढं पसरलं नव्हतं. "साबुदाणा? अगं मग चालतंय की!" आणि वर मनवाला सांगते, "घरी आईला विचार, तिलाही लागत असेल." एक कंपनी, एक साहेब आणि एक बासरी, सगळ्यांना कामाला लावलं या बाईनं. बाईला मानलं पाहिजे.

आल्या कॅप्सूल्स. इंदूनं त्या उपासाच्या डब्यात ठेवल्या, राजगिऱ्याच्या लाडवांशेजारी. हळूहळू मुंग्या गेल्या, बोटांत जीव आला. परवा दार उघडलं तर रेघ सरळ. मी तिथेच उंबऱ्यात उभा राहिलो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दूध घ्यायला निघालो होतो ते विसरलो.

आता इथे संपायला हवं होतं की नाही? पण अश्विनीनं माझंही रक्त घेतलेलं. "सर, तुमचंही कमी आहे." म्हटलं, आपल्याला कसलं सोवळं, सहादेवची डबी आणली, कॅप्सूल जिभेवर ठेवली, पाणी घेतलं... आणि उतरेना. काही केल्या उतरेना. पोटाला कळत नाही हो, पण मला कळलंय ना!

गेलो इंदूकडे. म्हटलं, तुझ्यातली एक दे.

"देते की. पण ती उपासाच्या डब्यातली आहे. तुम्ही सकाळी कांदेपोहे खाल्लेत."

"मग?"

"उपासाचे लाडू आडदिवशी मागितले तर मिळतात का? नाही ना? मग उपास करा."

लग्न झाल्यापासून ही बाई माझ्यामागे लागलीय, निदान एक तरी उपास करा, आणि मी तिला हातोहात चुकवत आलेलो. ती गालात हसत डब्याचं झाकण लावत होती. बाईला... जाऊ द्या, तुम्हीच म्हणा आता.

डॉक्टर म्हणते, रोज घ्या. घरचं सरकार म्हणतं, उपास असेल तरच घ्या. तेव्हा सकाळी खिचडी, दुपारी खिचडी, संध्याकाळी थालीपीठ, तेही साबुदाण्याचंच. तुम्हाला सांगतो, बाहेरून साबुदाणा, आत बी-ट्वेल्व्ह... आता मीच कॅप्सूल झालोय.