नवसाचा नारळ

१९८३ साली तुर्भ्याच्या एका कारखान्याबाहेर मी रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारी फाटकावरच्या तरुण पहारेकऱ्याशी बोलत होती.

“पोरा, आत सोड. गावदेवीला नारल फोडून येते.”

“आये, पास पायजे.”

“आपल्या शेतातली देवी, तिला भेटाला पास?”

“शेत आता कंपनीचा हाय.”

“नवस बोललेय मी.”

“कसला?”

“तुला इथं नोकरी लागू दे म्हनून.”

“तुला आत सोडली तं हीच नोकरी जाईल.”

“नि नवस नाय फेडला तं देवी कोपंल.”

“मंग इथं फाटकावरच फोड. देवी समजून घेईल, आये. सायब नाय घेनार.”

म्हातारीने फाटकाला हळदकुंकू लावले.

“आता बूट काढ, नि पाया पड.”