झाकण

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्या मागे एक आई आणि प्रयोगशाळेत काम करणारी तिची मुलगी उभ्या होत्या. मुलगी आईला समजावत होती.

“पेशीला ‘आता दोन हो’ म्हणून सांगणारं एक एन्झाइम असतं. तुझी कॅन्सरची गोळी त्याच्या खाचेत बसून त्याला गप्प करते.”

“मग आता का करत नाही?”

“खाच बदलली असणार. ती दिसायला एन्झाइमचे स्फटिक बंद डबीत न हलवता वाढवावे लागतात. अकरा वेळा लावले, एकदाही जमले नाहीत.”

“झाकण रोज उघडून बघत असशील.”

“सकाळी एकदाच.”

“आणि संध्याकाळी?”

“संध्याकाळीही.”

“लहानपणी पेरलेलं बीसुद्धा रोज उकरून बघायचीस.”

“आई, मला घाई आहे.”

“मला नाही का? बाराव्यांदा लाव आणि महिनाभर हात लावू नकोस.”

“महिनाभर?”

“महिना मी काढते. तू झाकण उघडू नकोस.”